सेंट अँड्र्यूज : तिकीट न लागणारा इतिहास

(धागा)

रविवारी सेंट अँड्र्यूजच्या 'ओल्ड कोर्स'वर गोल्फ खेळला जात नाही. ज्या हिरवळीवर एकदा खेळायला मिळावे म्हणून जगभरातील खेळाडू सोडतीत नावे टाकतात आणि भरभक्कम शुल्क मोजतात, तिच्यावर त्या दिवशी गावकरी कुत्री घेऊन फिरतात, मुले धावतात आणि स्विल्कन ओढ्यावरील लहानशा दगडी पुलावर उभे राहून कोणीही छायाचित्र काढून घेतो. एखादी मोठी स्पर्धा असेल तर गोष्ट वेगळी. एरवी हाच शिरस्ता, आणि प्रवेशशुल्क शून्य.

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, फाइफ परगण्यात, उत्तर समुद्राच्या काठी हे छोटे शहर वसले आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत जुने विद्यापीठ येथलेच. १४१० मध्ये अध्यापन सुरू झाले आणि १४१३ मध्ये पोपच्या आज्ञापत्रांनी त्यावर शिक्कामोर्तब झाले. (हा पोपही असा, की बहुतेक युरोपने तोवर त्याची साथ सोडली होती, स्कॉटलंड मात्र तेराव्या बेनेडिक्टला धरून राहिले होते.) या शहरात फुकट काय पाहावे याच्या याद्या पुष्कळ आहेत. वाळूचा किनारा, कॅथीड्रलचे अवशेष, बंदराचा धक्का, फरसबंदीतील अक्षरे, सारे त्यांत असते. या जागा फुकट का आहेत, हे मात्र त्यांत नसते. ते शोधू लागले की जमीन कोणाची, श्रद्धा कोणाची आणि पडलेल्या वास्तूचे दगड कोणाचे, हे या शहरातील शतकानुशतकांचे भांडण समोर येते. हा धागा त्या भांडणाचा आहे, पश्चिमेकडून पूर्वेकडे चालत जाणारा.

पश्चिमेला 'वेस्ट सँड्स' नावाचा सुमारे तीन किलोमीटर लांबीचा वाळूचा किनारा आहे. १९८१ च्या 'चॅरियट्स ऑफ फायर' या चित्रपटात पांढऱ्या कपड्यांतील धावपटू लाटांच्या कडेने धावतात तो हाच. किनारा आणि शेतजमीन यांच्यामधील वालुकामय, उंचसखल माळाला स्कॉट भाषेत 'लिंक्स' म्हणतात. मराठी वाचकाने त्याला गायरान समजावे. नांगराला निरुपयोगी, पण गुरे चारायला, कपडे वाळवायला, धनुर्विद्येच्या सरावाला आणि चेंडू मारायला उत्तम अशी ती सामायिक जमीन.

या गायरानाचा महत्त्वाचा दस्तऐवज १५५२ सालचा आहे. आर्चबिशप जॉन हॅमिल्टन याला लिंक्सवर ससे पाळायचे होते. मांस आणि कातडी यांमुळे ससा तेव्हा उत्पन्नाचे जनावर होते. नगराने संमती दिली, पण मोबदल्यात आर्चबिशपकडून लिहून घेतले की गोल्फ, फुटबॉल, नेमबाजी आणि अन्य सर्व खेळ खेळण्याचा नागरिकांचा हक्क अबाधित राहील. म्हणजे एकाच जमिनीवर सशांचा हक्क धर्मपीठाचा आणि खेळाचा हक्क गावाचा. या दोन हक्कांची टक्कर पुढे कधीतरी होणारच होती. ती व्हायला अडीचशे वर्षे लागली.

१७९७ मध्ये कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने लिंक्स हातची घालवली आणि दोनच वर्षांत डेम्पस्टर नावाच्या व्यापारी बापलेकांचे ससे तेथे आले. सशांनी माळ पोखरला. खेळणाऱ्यांच्या पायांखाली बिळे आली. चिडलेले नागरिक ससे मारू लागले, मारामाऱ्या झाल्या आणि प्रकरण न्यायालयात गेले. 'डेम्पस्टर विरुद्ध क्लेगहॉर्न' हा खटला १८१३ मध्ये थेट लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर उभा होता.

या खटल्यातील क्लेगहॉर्नकडे इतिहासप्रेमींनी जरा थांबून पाहावे. ह्यू क्लेगहॉर्न हा सेंट अँड्र्यूजमध्ये इतिहासाचा प्राध्यापक होता. मात्र वर्गापेक्षा त्याला हेरगिरी अधिक मानवली. १७९५ मध्ये त्याने श्रीलंकेतील डचांच्या पदरी असलेली स्विस पलटण तिच्या मालकाशी सौदा करून इंग्रजांकडे वळवली, आणि डचांच्या हातून त्या बेटाचा किनारा सुटण्यास मोठा हातभार लावला. त्याच्याच नावाचा नातू पुढे मद्रास इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. एका बेटाचे भवितव्य बदलणारा माणूस म्हातारपणी गावातील सशांविरुद्ध लढत होता, हे जरा गमतीचे वाटते. पण गावच्या दृष्टीने पाहता दुसरी लढाईच मोठी ठरली.

अखेर निकालापेक्षा खरेदीने प्रश्न सुटला. १८२१ मध्ये शेजारच्या स्ट्रॅथटायरमचा जमीनदार जेम्स चीप याने लिंक्स विकत घेतली आणि ससे गेले. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ही जमीन पुन्हा नगराकडे आली, आणि १९७४ च्या कायद्याने तिचा कारभार एका सार्वजनिक विश्वस्त संस्थेकडे सोपवला गेला. ओल्ड कोर्सच्या पहिल्या आणि अठराव्या पट्ट्यांना छेदून समुद्राकडे जाणारी एक वाट आजही सार्वजनिक आहे. तिच्यावरून एखादी आजीबाई चालत निघाली, तर जगज्जेत्या खेळाडूलाही काठी खाली ठेवून थांबावे लागते.

रविवारच्या सुट्टीमागे धार्मिक आचार होताच. मैदानाचा जुना राखणदार ओल्ड टॉम मॉरिस याची त्यावर आणखी एक मल्लिनाथी सांगितली जाते: खेळणाऱ्यांना विश्रांती नको असली, तरी गवताला ती हवी असते.

लिंक्सकडून शहराकडे वळताच 'द स्कोर्स' या रस्त्याच्या तोंडाशी एक उंच शिळास्तंभ दिसतो. १८४२ मध्ये उभारलेले हे हुतात्मा स्मारक. त्यावर चार नावे आहेत: पॅट्रिक हॅमिल्टन, हेन्री फॉरेस्ट, जॉर्ज विशार्ट आणि वॉल्टर मिल. चौघांनाही पाखंडाच्या आरोपावरून याच शहरात जाळण्यात आले. चौघेही प्रॉटेस्टंट विचारांचे होते. पाचवे नाव असायला हवे होते ते पावेल क्रावारझचे. बोहेमियातून आलेल्या, यान हुसच्या मताच्या या माणसाला १४३३ मध्ये येथे जाळले गेले. तेव्हा विद्यापीठ जेमतेम वीस वर्षांचे होते. स्मारक १९व्या शतकातील स्कॉटिश प्रॉटेस्टंटांनी आपल्या वंशावळीसाठी उभारले आणि परका हुसपंथी तिच्या बाहेर राहिला. स्मारकावर कोण नाही हेही वाचायला शिकावे, यासाठी हा स्तंभ चांगला धडा आहे.

पुढे किल्ल्याचे अवशेष लागतात. आत जायला तिकीट आहे. पण बाहेरच्या रस्त्यावर फरशीत बसवलेली जॉर्ज विशार्टची आद्याक्षरे, जी आणि डब्ल्यू, पाहायला कोणी पैसे मागत नाही. १ मार्च १५४६ रोजी कार्डिनल डेव्हिड बीटनच्या आज्ञेने विशार्टला येथे जाळले. २९ मे रोजी विशार्टच्या पक्षाचे लोक किल्ल्यात घुसले, त्यांनी बीटनला ठार केले आणि त्याचे प्रेत तटावरून लोंबकळत ठेवले. वेढा पडला, भुयारे खणली गेली, आणि १५४७ च्या उन्हाळ्यात फ्रेंच आरमाराने किल्ला घेतला. पकडलेल्यांत जॉन नॉक्स नावाचा एक धर्मोपदेशक होता. त्याला फ्रेंच गलबतावर वल्ही मारायला बसवण्यात आले. तो पुढे परत येणार आहे.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर, नॉर्थ स्ट्रीटवर, सेंट सॅल्व्हेटर महाविद्यालयाच्या मनोऱ्याखाली फरसबंदीत दुसरी दोन अक्षरे आहेत, पी आणि एच. २९ फेब्रुवारी १५२८ रोजी पॅट्रिक हॅमिल्टनला येथे खांबाला बांधून जाळले. वय २४. पॅरिसमध्ये शिकलेला आणि मारबुर्गच्या नव्या विद्यापीठात ल्यूथरचे विचार पचवून आलेला हा तरुण सरदार घराण्यातला होता. दुपारी सुरू झालेली ही शिक्षा संध्याकाळपर्यंत, सुमारे सहा तास चालली. लाकडे नीट पेटतच नव्हती. ते दृश्य इतक्या लोकांनी पाहिले की यापुढे जाळायचेच असेल तर तळघरात जाळा, असा सल्ला आर्चबिशपला त्याच्याच माणसाने दिल्याचे सांगितले जाते.

आज विद्यार्थी या अक्षरांवर पाय ठेवत नाहीत. ठेवला तर पदवी मिळत नाही, असा समज आहे. चुकून पडलाच तर उतारा ठरलेला: १ मे च्या पहाटे ईस्ट सँड्सच्या बर्फगार पाण्यात डुबकी. ही सारी थट्टामस्करी खरी. तरीही १५२८ मधील एका २४ वर्षांच्या माणसाचा मृत्यू आज तेवढ्याच वयाची मुले रोज पाऊल चुकवून ओलांडतात. ग्रंथालयातील किती चरित्रांना असे वाचक मिळतात?

चौघांत शेवटचा वॉल्टर मिल. एप्रिल १५५८ मध्ये त्याला जाळले तेव्हा तो ऐंशी वर्षांहून मोठा होता. त्याला शिक्षा देणारा आर्चबिशप म्हणजे सशांच्या करारावर सही करणारा तोच जॉन हॅमिल्टन, आणि जळून मेलेल्या पॅट्रिकच्याच घराण्यातला. गोल्फच्या इतिहासात त्याचे नाव कौतुकाने येते. स्मारकाच्या इतिहासात ते घेताना शहराचा आवाज बदलतो. कारण मिलच्या वेळी शहराने असहकार केला. समकालीन प्रॉटेस्टंट वृत्तान्तांनुसार त्याला बांधायला दोर आणि जाळायला डांबर कोणीही दुकानदार विकेना. अखेर आर्चबिशपच्या स्वतःच्या तंबूच्या दोऱ्या कापाव्या लागल्या. मृत्यूनंतर लोकांनी त्या जागी दगडांची रास रचली. धर्माधिकाऱ्यांनी ती हटवली, शाप दिले. लोकांनी पुन्हा रचली. शहरातील पहिले फुकट स्मारक बहुधा तेच असावे.

वर्षभरात नॉक्स परतला. साउथ स्ट्रीटवरील होली ट्रिनिटी चर्चमध्ये जून १५५९ मध्ये त्याने प्रवचने दिली. विषय होता येशूने मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलून लावले तो प्रसंग. ऐकणाऱ्यांना संकेत पुरेसा होता. काही दिवसांत शहरातील मठ आणि कॅथीड्रल यांच्या मूर्ती, वेद्या, सजावट उद्ध्वस्त झाली.

त्या दिवसांची एक खूण याच रस्त्याच्या पश्चिम टोकाला उभी आहे: ब्लॅकफ्रायर्स मठाच्या प्रार्थनामंदिराचा १५२५ च्या सुमारास बांधलेला एक तुकडा, छत अर्धवट, खिडक्यांत आकाश. पदपथावरून दिसतो, थांबून पाहावा. त्याच्या मागे जी देखणी शालेय इमारत आहे, तिचे नाव वाचून भारतीय माणूस चमकतो: मद्रास कॉलेज.

१७५३ मध्ये याच शहरात एका न्हाव्याच्या घरी अँड्र्यू बेल जन्मला. विद्यापीठात शिकला, काही वर्षे अमेरिकेत व्हर्जिनियात राहिला आणि १७८७ मध्ये मद्रासला पोहोचला. १७८९ पासून तो तेथील लष्करी अनाथाश्रमातील मुलांच्या शाळेचा प्रमुख होता. मुले युरोपियन सैनिकांची, बहुतेकांच्या आया भारतीय. शिक्षण ढिसाळ होते. एके दिवशी घोड्यावरून जाताना त्याला एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर वाळू पसरून बोटाने अक्षरे काढत होती. त्याने आपल्या शाळेत तसे करायला सांगितले. शिक्षकांनी नकार दिला. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन या आठ वर्षांच्या मुलाला खालच्या वर्गाचा शिक्षक नेमले. मुलांनी मुलांना शिकवायचे ही 'मद्रास पद्धत' अशी आकाराला आली. १७९७ मध्ये लंडनमध्ये तिचे पुस्तक निघाले आणि पुढील काही दशकांत इंग्लंडमधील हजारो गरीब मुले या पद्धतीने शिकली.

'धुळाक्षरे गिरवणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. पंतोजीच्या शाळेतही धूळपाटी होती, आणि पुढे गेलेला मुलगा मागच्यांना शिकवी. बेलने ही परंपरा जन्माला घातली नाही. त्याने ती पाहिली, तिला शिस्त लावली, तिचा छापील ग्रंथ केला आणि नाव आपल्या प्रयोगाला दिले. पंतोजीचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. मृत्यूपूर्वी बेलने शिक्षणकार्यासाठी सुमारे १ लाख २० हजार पौंड दिले. त्यातील मोठा वाटा जन्मगावाच्या शाळेला मिळाला आणि १८३३ मध्ये मद्रास कॉलेज उघडले. शाळा २०२१ मध्ये शहराबाहेरील नव्या इमारतीत गेली, नाव तेच घेऊन.

साउथ स्ट्रीटवरच पूर्वेकडे सेंट मेरी महाविद्यालय आहे. प्रांगणात एक वाकलेले काटेरी झाड आहे. स्कॉट राणी मेरीने ते लावले अशी आख्यायिका. बाहेरच्या पदपथावर धातूची एक सरळ रेघ बसवलेली आहे, ती अधिक महत्त्वाची. गणिती जेम्स ग्रेगरीने १६७३ च्या सुमारास येथे आखलेल्या याम्योत्तर रेषेची ती खूण. ग्रिनिचची रेषा जगाने मान्य केली त्याच्या दोनशे वर्षे आधीची. ग्रेगरीने १६७१ मध्ये मांडलेली अनंत श्रेणी केरळच्या माधवाच्या परंपरेत खूप आधी सापडली होती. म्हणून आज तिला माधव–ग्रेगरी श्रेणी असे जोडनाव मिळते.

याच विद्यापीठातून आणखी एक वाट थेट मराठी मुलखात येते. १८२३ मध्ये थॉमस चामर्स येथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांच्या प्रभावाखालील विद्यार्थ्यांनी १८२४ मध्ये मिशनकार्याला वाहिलेली संस्था काढली. त्यांतील अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेला, आणि त्याचा मित्र रॉबर्ट नेस्बिट १८२७ मध्ये मुंबई इलाख्यात आला. प्रथम कोकणातील स्कॉटिश मिशनमध्ये, पुढे मुंबईत. त्याच्या मराठीचा लौकिक मोठा होता. १८४३ मध्ये नारायण आणि श्रीपत शेषाद्री हे ब्राह्मण भाऊ त्याच्याकडे राहायला आले. नारायणचा बाप्तिस्मा झाला. श्रीपत मात्र सुमारे बारा वर्षांचा. वडील न्यायालयात गेले आणि मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने मुलगा वडिलांच्या स्वाधीन केला. मग प्रश्न उभा राहिला की या मुलाला जातीत परत घ्यायचे का. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे यासाठी खटपट केली आणि कर्मठांचा रोष ओढवून घेतला. श्रद्धा कोणाची आणि तिचा निर्णय कोणी करायचा, हा सेंट अँड्र्यूजच्या फरसबंदीतला प्रश्न तीनशे वर्षांनी एका बारा वर्षांच्या मराठी मुलापुढे असा येऊन ठाकला होता. मुलाला काय हवे होते, हे दोन्ही बाजूंच्या कागदांत दडपलेच गेले.

रस्ता संपतो तेथे कॅथीड्रल. बांधकामाला आरंभ ११६० च्या सुमारास, लोकार्पण १३१८ मध्ये, रॉबर्ट द ब्रूसच्या उपस्थितीत. मध्ययुगीन स्कॉटलंडमधील ही सर्वांत मोठी वास्तू. आज पूर्वेची भिंत, पश्चिमेच्या दाराचा भाग, दक्षिणेची लांबलचक भिंत आणि मधे गवत. मनोरा आणि संग्रहालय यांना तिकीट आहे. आवारात फिरायला नाही. सारा विध्वंस नॉक्सच्या अनुयायांच्या माथी मारला जातो, ते पूर्ण खरे नाही. जमावाने आतील सजावट फोडली. छत आणि भिंती नेल्या काळाने, आणि शहराने. शिशाचे पत्रे गेले, तुळया गेल्या, मग घडवलेले दगड. घर बांधायचे असेल तर कॅथीड्रलची खाण हाताशी होतीच. १९व्या शतकात सरकारने अवशेष ताब्यात घेईपर्यंत हे चालू होते. जुन्या शहरातील घरांच्या भिंतींत तो दगड आजही आहे, आणि तोही फुकट पाहता येतो.

त्याच आवारातील दफनभूमीत ओल्ड टॉम आणि त्याचा मुलगा टॉमी यांच्या कबरी आहेत. टॉमीने ओपन स्पर्धा लागोपाठ चार वेळा जिंकली आणि पत्नी व नवजात बाळ गेल्यानंतर काही महिन्यांनी, १८७५ च्या नाताळच्या दिवशी, २४ व्या वर्षी तो वारला. त्याच्या समाधीवर अजून गोल्फचे चेंडू ठेवलेले दिसतात.

आवारातून 'पेंड्स' या १४व्या शतकातील कमानीखालून उतार बंदराकडे जातो. १६५५ च्या वादळाने तेथला धक्का मोडला. दुरुस्तीसाठी दगड हवे होते, तेव्हा नगराने किल्ल्याचे दगड आणले. ज्या तटावरून बीटनचे प्रेत लोंबले, त्या वास्तूचे दगड आता मासेमारांच्या होड्यांना आडोसा देतात. रविवारी चर्चमधील प्रार्थना संपल्यावर लाल लोकरी झगे घातलेले विद्यार्थी रांगेने या धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जातात, तेथील शिडी चढतात आणि वरच्या अरुंद भिंतीवरून, वाऱ्यात झगे सावरत, परत येतात.